घरच्यांना आवतण नसतं

बाई,

वास्तूचं सामान आलं. हरभऱ्याची डाळ माझ्या भावानं जवळा बाजारहून पाठवली. तिचे पैसे त्यानं घेतले नाहीत, म्हणून हिशोबाच्या वहीत ‘माहेर’ लिहून पुढची जागा कोरी सोडली. गूळ हिंगोलीहून आणला, घासाघीस करूनही शेवटी दुकानदाराच्याच भावानं घ्यावा लागला. वेलची इथं कनेरगाव नाक्यावरच मिळाली, पण एवढ्याशा पुडीला एवढे पैसे, की मी ती दोनदा तळहातावर तोलून पाहिली. पितळी पातेलं कल्हई होऊन आलं. कल्हईवाला आता दारावर येत नाही, त्यामुळं कल्हईपेक्षा पातेल्याच्या जाण्यायेण्याचं भाडंच जास्त झालं. हळद घरची आहे. सगळं आलं. एक आवतण तेवढं धड आलं नाही.

तुम्ही मला ओळखाल की नाही, माहीत नाही. जवळा बाजारच्या शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायला आलात तेव्हा मी आठवीत होते. आडतीच्या मागं दोन खोल्या घेऊन तुम्ही राहत होता, तुमचे साहेब नोकरीनिमित्त दुसरीकडं, आणि तुमची लेक तेव्हा नुसती बोबडं बोलायची. तिची वेणी घालणारी, तुमचं पाणी भरणारी, अन् त्याबदल्यात तुमच्या स्वयंपाकघरात बसून फुकट इंग्रजी शिकणारी जी पोरगी होती, ती मी. आता मला सून आली. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा, एका लग्नाच्या मांडवात कळलं. कुणीतरी सहज सांगितलं आणि पुढच्या पंगतीचं बोलू लागलं. मी घरी येऊन आंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, तुम्ही माझ्या कोण होता, तेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज लिहायला कारण झालं ते असं. माझ्या मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला. नागनाथाच्या कृपेनं सगळं नीट झालं, येत्या आठवड्यात वास्तुशांत आहे. शनिवारी तो आणि सून इकडं आले होते. मी चुलीसमोर भाकरी करत होते, सून माझ्याजवळ मेथी निवडत होती, आणि मुलगा दाराच्या चौकटीला टेकून फोनवरून सगळ्यांना पत्रिका पाठवत होता. “मामा झाले. काका झाले. सोसायटीवाले झाले. ऑफिस झालं.” ओसरीवरून आमचे हे ओरडले, “अन् आमाला रे?” हे गंमतच करत होते. मुलगा हसला. म्हणाला, “तुमाला काय बोलवायचं बाबा, तुमी तर घरचेच. अन् आई तर दोन दिवस आधीच येईल. जेवण केटररचं आहे, पण नैवेद्याचं पुरण आईच्याच हातचं पाहिजे. सामान घेऊनच ये गं आई, तिकडं गूळ चांगला मिळत नाही.”

तेव्हा सून मान वर न करता त्याला इंग्रजीत म्हणाली, “यू आर टेकिंग हर फॉर ग्रँटेड.”

तो म्हणाला, “कम ऑन. शी इज माय मदर.”

ती म्हणाली, “एक्झॅक्टली.”

बाई, माझी तव्यावरची भाकर करपली. आयुष्यात किती भाकरी केल्या, पण वास येईपर्यंत करपू दिली अशी ती पहिलीच. मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. सुनेनं भाकर उलटली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, “आई, तुम्हाला कळलं ना?”

“कळलं.”

“सॉरी. तुम्हाला कळू नये म्हणून मी इंग्रजीत बोलले.”

“ते बी कळलं,” मी म्हणाले. मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं असेल.

सून शिकलेली आहे. तिला कामासाठी रोज परदेशातल्या लोकांशी बोलावं लागतं. मी तिला विचारलं, तिकडची माणसं हे ‘फॉर ग्रँटेड’ कधी कधी म्हणतात? ती म्हणाली, उठता बसता म्हणतात आई. आजारातून उठलं की तब्येतीबद्दल म्हणतात. वीज गेली की विजेबद्दल म्हणतात. त्यांच्या कचेरीतली एक जुनी बाई नोकरी सोडून निघाली, तेव्हा साहेबानं सगळ्यांसमोर भाषण केलं, की आम्ही हिला ग्रँटेड धरलं, ही आहे म्हणजे असणारच असं समजलो. ती बाई थँक यू म्हणाली आणि पर्स उचलून गेली. मी विचारलं, “जो धरतो, तो धरता धरता कधी म्हणतो का, की मी तुला असं धरून राहिलोय?” सुनेनं मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, “नाही हो आई. त्याला कळलं तर तो धरेल कशाला? एक तर समोरचं माणूस रागानं म्हणतं, धरू नकोस. नाहीतर धरणारा स्वतः म्हणतो, पण सगळं होऊन गेल्यावर. मयतीच्या सभेत तर हमखास.”

मग तिनं विचारलं, “पण तुम्हाला हे कुठून माहीत?” मी म्हणाले, मॅट्रिकला होतं. एवढंच म्हणाले. तुमचं काही सांगितलं नाही.

तुम्ही शिकवलं तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. दहावीचा वर्ग, खिडकीतून आडतीवरच्या कापसाचे तंतू उडत येतायत, तुमच्या केसांवर एक बसलाय, आणि मागच्या बाकावरच्या पोरी त्याला हसतायत. तुम्ही फळ्यावर ‘टेक इट फॉर ग्रँटेड’ हे चार शब्द लिहिता आणि म्हणता, हे इंग्रजांचं मोठं आवडीचं बोलणं आहे. ग्रँटेड म्हणजे मंजूर. अर्ज न करता, न विचारता, एखादी गोष्ट आपल्याला मंजूर झालेलीच आहे असं धरून चालायचं. मग तुम्ही उदाहरण देता. “हापसा मारला की पाणी येणार, हे आपण धरूनच चालतो की नाही?” आणि मागून एक पोरगी उठून म्हणते, “न्हाई बाई, आमच्या हापशाला येतच न्हाई.” सगळा वर्ग हसतो. तुम्हीही हसता, खडूचा हात तोंडावर जातो आणि ओठाला खडू लागतो. “म्हणून तुम्हाला हे बोलणं समजायला वेळ लागेल,” तुम्ही म्हणता.

मी हात वर केला. म्हणाले, “बाई, मंजूर झालं धरायचं ठीक हाय. पण मंजूर केलं कुणी?”

तुम्ही पदरानं ओठाचा खडू पुसलात. मग म्हणालात, “ते इंग्रजांना विचार.” तास संपला.

मराठीत याला गृहीत धरणं म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलं होतं. भूमितीत म्हणतात तसं. पण आमच्या गल्लीत हा शब्द कुणी कधी बोललं नाही. माझी माय तर मरेपर्यंत बोलली नाही. मी पुष्कळ विचार केलाय बाई, भाकरी थापताना माणूस दुसरं काय करतं. मला असं वाटतं, की इंग्रज ज्याची तक्रार करतो, त्याला आपण कौतुक म्हणतो. तो म्हणतो, तू मला धरून चाललास. आपण म्हणतो, तू तर घरचीच. आणि ऐकणारीची छाती फुगते. माझी फुगली होती.

तुमच्या फडताळात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. एकदा तुमच्या लेकीला लाडू देताना मी तुम्हाला विचारलं, मी एक घेऊ का? तुम्ही पेपर तपासत होता. चष्म्यावरून बघून तुम्ही रागावलात. चांगल्याच रागावलात. “विचारतेस काय? घरच्या माणसानं विचारायचं असतं का? परत विचारलंस तर बघ!” असं बोलणं मी कधी खाल्लं नव्हतं आणि इतकं गोडही कधी काही खाल्लं नव्हतं. घरी जाऊन मी मायला नाचत सांगितलं. माय शेंगा फोडत होती. ती म्हणाली, “जपून ऱ्हा, पोरी. जिथं इचारायचं नसतं, तिथं बोलवायचं बी नसतं.” मला तिचा राग आला. अडाणी बाई, हिला काय कळतं, असं वाटलं.

आणि तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन माझ्या आबांना शब्द दिला होता. आबांनी तुमच्यासाठी घोंगडी अंथरली, मायनं कपबशी शेजारून आणली. तुम्ही म्हणालात, “माझी बदली आज ना उद्या होईलच. पोरगी माझ्यासोबत येईल. माझ्या घरी राहून कॉलेज करील. तुम्ही धरूनच चाला.” आबा धरून चालले. पारावर सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, आणि शिरड शहापूरहून येताना माझ्यासाठी एक पत्र्याची पेटी घेऊन आले, निळी, वर कमळ काढलेलं. ती पेटी अजून आहे. सध्या तिच्यात डाळ ठेवलीय.

माझा निकाल लागला. तुमच्या बदलीचा कागद आला. गाव सोडायच्या आधी तुम्ही सत्यनारायण घातला आणि जेवण ठेवलं. आधीचे दिवस मी तुमच्याकडंच होते. गहू निवडले, रवा चाळला, तुमच्या लेकीला अंगाखांद्यावर घेऊन काजू फोडले. तुम्ही शाळेच्या शिपाईमामांना आवतणाची घरं सांगत होता आणि मी रवा चाळता चाळता ऐकत होते. सरपंचाचं घर, आडतवाले, मुख्याध्यापक, आमच्या गल्लीतली ओळीनं सगळी. “चूलबंद सांगा बरं का मामा, कुणाच्या घरी चूल पेटता कामा नये.” आमचं नाव आलं नाही. मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. सगळ्यांना सांगावं लागतं, मला नाही, कारण मी घरची.

घरी आले तर मायनं विचारलं, “आवतण आलं का गं?”

“आपल्याला कशाला? आपण घरचेच की.”

माय म्हणाली, “तू घरची असशील. मी अन् तुझा बाप कुणाच्या घरचे?”

बाई, मी मॅट्रिक झाले होते. तरी घागर उचलून पाण्याला निघून गेले.

पूजेच्या दिवशी शिपाईमामा गल्लीत आले. आमच्याकडं तशी रीतच आहे, आदल्या दिवशी सांगितलेलं असलं तरी पंगतीच्या वेळेला परत दारात हाळी देतात. शेजारच्या दारात म्हणाले, “चला, पानं वाढायलीत, चूल पेटवू नका.” पलीकडच्या दारात तेच. आमच्या दारात माय पदर सावरून उभी. मामा हसत म्हणाले, “तुमाला काय सांगायचं वैनी, तुमी तर बाईच्या घरचे!” आणि पुढं गेले. तो माणूस भला होता, त्यानं मान देऊनच सांगितलं. मायही हसली. म्हणाली, “व्हय, व्हय.” मग आत आली, आणि चुलीत काड्या घातल्या.

आबा म्हणाले, “काहून पेटवतीस? पोरीला तर जाऊ दे.” माय म्हणाली, “जाईल की. बोलवलं तर जाईल. बिनबोलावता माझी पोरगी पानावर बसायची न्हाई. लेकराला लोकं आज घरची म्हणतील, उद्या फुकटची म्हणतील.” मी नवी साडी नेसून आत बसले होते. पहिलीच साडी. सगळी गल्ली तुमच्याकडं गेलेली, दाराला कड्या, एकाही घराच्या धाब्यावर धूर नाही, आणि एकटं आमचं घर धूर सोडतंय. ओली लाकडं होती. मायनं ती मुद्दाम ओली घातली, हे मला पुढं स्वतःची चूल पेटवायला लागल्यावर कळलं. तो धूर तुमच्या अंगणातून दिसतच असणार. मी दाराच्या फटीतून बघत होते. वाटत होतं, आता तुम्ही विचाराल, ही पोरगी कुठंय. आता लेक तरी माझं नाव घेऊन रडेल. आता कुणीतरी पळत येईल.

आले ते परत मामाच आले, सगळी जेवणं उरकल्यावर. आता ते हसत नव्हते. खाली बघून म्हणाले, “बाई म्हणल्या, पोरीला जरा धाडा. परात-पातेली ऱ्हायलीत घासायची.”

मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “पोरगी मळ्यात गेली म्हणावं.” मी दाराच्या मागंच होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सामानाचा टेम्पो आमच्याच गल्लीतून निघाला, मोठ्या रस्त्याला जायला दुसरी वाट नव्हती. आबांनी निळी पेटी ओट्यावर आणून ठेवली होती. टेम्पो इथं थांबणार, हे ते अजूनही धरूनच चालले होते. तुम्ही पुढं बसला होता, लेक मांडीवर. लेकीनं मला बघितलं आणि दोन्ही हात हलवले. तुम्ही ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता. टेम्पो हळू झाला, पण तो खड्ड्यासाठी. मग धूळ बसली आणि आबांनी पेटी उचलून परत आत नेली. कॉलेजची भरती संपेपर्यंत ते रोज पोस्टात जाऊन येत. मग एक दिवस म्हणाले, “मोठी माणसं. इसरली असतील.” हिवाळ्यात मला बघायला पाहुणे आले.

माझं वाईट झालं नाही. नवरा चांगला मिळाला, लेकरू शिकलं, देवानं कमी केलं नाही. पण एक गोष्ट मला देवासमोर बसलं की रोज टोचते. देव तर आपल्याच देव्हाऱ्यात असतो. चोवीस तास घरातच. त्याच्याएवढं घरचं कोण? तरी कुठल्याही पूजेत पहिलं काय करतात, तर आवाहन. या, बसा. मग आसन, मग पाय धुवायला पाणी, मग बाकीचं. आणि पूजा उठताना त्याला परत यायला सांगतात. तुमच्या सत्यनारायणालाही भटजींनी हेच केलं असणार. तुम्ही हात जोडून तिथंच बसला असाल. देवाला बोलवल्याशिवाय तो आला असं कुणी धरत नाही, बाई. माणसालाच धरतात.

आणि मी तुम्हाला दोष देते तो याच्यासाठी. माझ्या मुलाला मी माफ केलं, कारण त्याला कळतच नाही तो काय करतोय. शिपाईमामांना कळत नव्हतं. माझ्या आबांनाही कळलं नाही. तुम्हाला कळत होतं. तुम्हाला तो शब्द येत होता. तुम्ही तो फळ्यावर लिहिला, त्याचा अर्थ सांगितला, उदाहरण दिलं, आणि मग माझ्यावर करून दाखवला. मंजूर केलं कुणी, असं मी विचारलं होतं. आता मला उत्तर माहीत आहे. मीच केलं होतं. पण तुम्ही एकदा विचारायचं तरी होतं.

मुलगा रविवारी परत गेला. सुनेनं गाडीत त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, नाक्याच्या पुढं गेल्यावर माझ्या फोनवर पत्रिका आली. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘घे, आलं तुझं आवतण!’ आणि दात काढून हसणारं एक तोंड. पत्रिकेवर गणपती आहे, आपण सहकुटुंब अवश्य यावे, असं छापलंय. आणि सगळ्यात वर बारीक अक्षरात लिहून आलंय, फॉरवर्डेड. दुसऱ्या कुणाला तरी पाठवलेलीच त्यानं पुढं ढकलली. ह्यांना दाखवली तर हे पोट धरून हसले. मीही हसले. मी जाणार आहे बाई. डाळ निवडून झालीय. आई आहे मी त्याची, आणि त्यानं चेष्टेत का होईना, सांगितलं. तुमच्याकडून तेवढंही आलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तुमचा पत्ता तेव्हाही नव्हता. पेटीत डाळीखाली घालून ठेवीन. पण तिकडं काही सोय असेल, तर एकच विचारते. त्या दिवशी मला घरची समजून बोलावलं नाही, आणि सगळ्यांनी जेवल्यावर आपण दोघी मिळून बसू म्हणून तुम्ही थांबला होता? की मी तुमच्या ध्यानातच नव्हते, भांडी दिसली तेव्हा आठवले? दोन्हींत निरोप एकच येतो, पोरीला धाडा. म्हणून मला कळत नाही. जे असेल ते उलट टपाली कळवावं, दोन ओळी पुरतील.

आणि आमच्या धुराचा तुम्हाला राग आला असेल, तर एक सांगून टाकते. मायनं कुणालाही सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्या चुलीवर आम्ही काही शिजवलं नव्हतं. नुसतं पाणी ठेवलं होतं. मामा भांड्यांचा निरोप घेऊन येईपर्यंत आम्ही तिघंही उपाशी होतो, आवतण आलं तर जाता यावं म्हणून.